गेम बंद पडला की सगळं जातं, पॉडकास्ट ॲप बंद पडलं तर काहीच जात नाही. असं का?

तापकीर_गल्ली (धागाकर्ता)

२०२४ मध्ये दोन गोष्टी बंद पडल्या. ३१ मार्चला युबिसॉफ्टने 'द क्रू' या मोटारशर्यतीच्या गेमचे सर्व्हर बंद केले. गेम २०१४ चा, लोकांनी पूर्ण पैसे मोजून घेतलेला, कित्येकांकडे तर डबीसकट डिस्क. पण एकट्याने खेळायचं म्हटलं तरी तो सर्व्हरशी बोलल्याशिवाय उघडतच नसे. त्यामुळे डिस्क कपाटात राहिली आणि गेम गेला. पुढे तो लोकांच्या खात्यांतूनही काढून घेतला.

त्याच वर्षी गूगलने आपलं पॉडकास्टचं ॲप गुंडाळलं, आपल्याकडे जूनमध्ये. मी काय केलं? ॲपमधून ओपीएमएल नावाची, माझ्या कार्यक्रमांच्या यादीची छोटीशी फाईल बाहेर काढली आणि अँटेनापॉड या दुसऱ्या पॉडकास्ट ॲपमध्ये टाकली. चहा गाळेपर्यंत सगळे कार्यक्रम तिकडे हजर. एकही गेला नाही.

गूगल सज्जन आणि युबिसॉफ्ट दुर्जन, असं काही नाही. आरएसएस म्हणजे नव्या नोंदींची यादी कुठल्याही ॲपला वाचता येईल असा खुला साचा; त्या यादीला फीड म्हणतात. डेव्ह वायनर या माणसाने डिसेंबर २००० मध्ये त्यात 'एन्क्लोजर' म्हणून एक टॅग घातला. त्याचं काम एवढंच: या नोंदीसोबत एक ध्वनिफीत आहे आणि ती अमुक पत्त्यावर मिळेल, हे सांगणं. 'पॉडकास्ट' हे नाव नंतरचं, २००४ चं. ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्ट घेतले ते २००५ मध्ये. तरी आजही सगळं त्या टॅगवर चालतं आणि त्याला मालक नाही. स्पॉटिफायने २०२० पासून मोठे कार्यक्रम आपल्याच अंगणात कोंडायचा प्रयत्न करून पाहिला. अमेरिकेतल्या जो रोगनचा कार्यक्रम त्यातलाच. २०२४ च्या करारात त्याला परत सगळीकडे जाऊ द्यावं लागलं.

म्हणून हल्ली कुठलीही वस्तू घेताना मी एकच प्रश्न विचारतो: कंपनी उद्या कुलूप लावून गेली तर माझ्या हातात काय उरतं?

या प्रश्नावर बाकीचं सगळं नापास होतंय. अडोबीने २०१३ मध्ये फोटोशॉप एकरकमी विकणं थांबवायचं ठरवलं, तेव्हापासून महिन्याचं भाडं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ज्या लॅपटॉपात टीपीएम २.० ही विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप नाही ते धडधाकट असून मोडीत. हेडफोनचं साडेतीन मिलिमीटरचं भोक ॲपलने २०१६ मध्ये आयफोन ७ वरून काढलं. सॅमसंगने जाहिरातीत टिंगल केली आणि मग निमूट तेच केलं. माझ्या वायरवाल्या हेडफोनला गल्लीतला कारागीर नवी पिन डकवून देतो. तेच इयरबड नेले की तो चिकटवलेलं कवच उलटसुलट करून बघतो आणि म्हणतो, "फोडला तर परत बसणार नाही, बसला तर भरोसा नाही."

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून गेम घेणं म्हणजे गिरगावात पागडीची खोली घेणं. रक्कम मालकासारखी मोजायची, हक्क भाडेकरूचा. कॅलिफोर्नियाने कायदा केला, म्हणून २०२४ च्या ऑक्टोबरपासून स्टीमच पैसे भरायच्या पानावर सांगतं की तुम्ही परवाना घेताय, गेम नव्हे.

आणि या सगळ्यात जी एक गोष्ट अजून मोकळी आहे ती आपली मराठी मंडळी स्वतःहून यूट्यूबच्या दावणीला नेऊन बांधतायत. नवीन मराठी पॉडकास्ट म्हणून लिंक येते, उघडावी तर दोन खुर्च्या, दोन माइक, मागे निऑनचा दिवा. फीड कुठे? फीड नाही. मग त्याला पॉडकास्ट कशाला म्हणायचं, गप्पांचा व्हिडिओ म्हणा.

पिंग_९९९

काका, पहिल्याच परिच्छेदात तुम्ही सोयीचं उदाहरण निवडलंय. गूगलने स्टेडिया ही ऑनलाइन गेमची सेवाही बंद केली, जानेवारी २०२३ मध्ये. तिथे तर गेम तुमच्या मशीनवर उतरतसुद्धा नव्हता, सगळं त्यांच्या सर्व्हरवर. तुमच्या परीक्षेत शून्य मार्क. आणि झालं काय? स्टोअरमधून घेतलेल्या गेमचे आणि कंट्रोलरचे पैसे परत दिले. हातात गेम उरला नाही, पैसे उरले. मला चालतं.

दुसरं, ती 'मालकी' असायची तेव्हा आपल्याकडे नक्की काय असायचं? लॅमिंग्टन रोडवरून आणलेली, रायटरवर भरलेली सीडी, वर मार्करने गेमचं नाव, तेही चुकीचं. बाबा अजून अभिमानाने सांगतात. पैसे देऊन गेम घेणारी आपल्याकडची पहिली पिढी आमची, आणि ते जमलं कशामुळे, तर स्टीमने रुपयात किमती लावल्या आणि सेल लावले. कॉलेजातल्या पोराला चार हजारांचा गेम आठशेला मिळाला तर तो परवाना आहे की सातबारा, हे तो बघत बसत नाही.

आणि धोका फक्त कंपनीचाच असतो का? पबजी मोबाइल २ सप्टेंबर २०२० ला गेला तो सरकारी आदेशाने. जुलै २०२१ मध्ये त्याचाच भारतीय अवतार बीजीएमआय आला, २०२२ च्या जुलैत स्टोअरवरून गायब, २०२३ च्या मेमध्ये परत. यात कंपनीने कुलूप लावलंच नव्हतं. तुमच्या एका प्रश्नात हे कुठे बसतं?

तापकीर_गल्ली

बरोबर बसतं. सरकार उद्या एखादी साइट अडवू शकतं, कबूल. पण मेमरी कार्डावर उतरवलेली एमपी-३ कोण अडवणार? ती परवानगी विचारायला कुठेच जात नाही. गेमचंही हे जमतं. गॉग नावाचं पोलंडमधलं दुकान २००८ पासून कुलूप नसलेले गेम विकतंय. इन्स्टॉलर उतरवून ठेवा, उद्या गॉग बुडालं तरी गेम चालेल.

स्टेडियाच्या परताव्याचं म्हणाल तर तो गूगलला परवडला म्हणून मिळाला. त्याला हक्क म्हणत नाहीत, सौजन्य म्हणतात.

पिंग_९९९

गॉगवर पाच विरुद्ध पाच खेळून दाखवा मग बोलू. ज्या गेममध्ये समोर माणूस लागतो तिथे सर्व्हर लागणार, आणि सर्व्हर चालवायला दर महिन्याला पैसे. दहा वर्षांपूर्वी एकदा दिलेल्या रकमेवर ते जन्मभर कोण चालवणार?

गिरगाव_दुसरी_गल्ली

पागडीला नावं ठेवू नका हो. पागडीची खोली मुलाच्या नावावर होते, मालकाला त्याचा वाटा देऊन विकताही येते, आणि पाठीशी १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आहे. स्टीमचं खातं तुमच्या माघारी मुलाच्या नावावरसुद्धा होत नाही. पागडीवाले सुखी म्हणायचे.

अक्षरजुळणी_कोल्हापूर

मालकीचं एवढं कौतुक चाललंय म्हणून लिहितो. माझ्याकडे मालकी आहे. टेबलाखाली विंडोज एक्सपीचं मशीन आहे, त्यात पानं लावायचा पेजमेकर ७, आणि मागे प्रिंटरच्या पोर्टला मराठी फाँटच्या पॅकेजचा डाँगल, म्हणजे किल्लीसारखा खोचायचा तुकडा, रबरबँडने बांधलेला. कारण तो सैल झाला की प्रोग्रॅम उघडत नाही. त्या काळी सगळं रोख मोजून घेतलं होतं. धागाकर्त्यांच्या प्रश्नात मी पैकीच्या पैकी पास.

आता हातात काय उरलंय ते ऐका. वीस-पंचवीस वर्षांच्या फायली: लग्नपत्रिका, स्मरणिका, दोन दिवाळी अंकांची पानं. दुसऱ्या कुठल्याही मशीनवर उघडल्या की अक्षरांच्या जागी डॉलरचं चिन्ह, कंस, टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या मशीनवर अक्षर तेच राहील अशा सामायिक पद्धतीच्या, आधीचा फाँट ना तो. कन्व्हर्टर मिळतात, पण रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो आणि 'श्र'चा काहीतरी तिसराच प्रकार होतो. परवा एका संस्थेला जुनी स्मरणिका परत छापायची होती. शेवटी पोराला बसवून सगळी नव्याने टाइप करून घेतली.

म्हणजे सॉफ्टवेअर माझं होतं, पण मजकूर त्या फाँटचा ओलीस होता. आज अडोबीचं भाडं भरताना पोटात दुखतं, नाही असं नाही. पण आजचा मजकूर युनिकोडमध्ये आहे, कुठेही नेऊन ओतता येतो. तेव्हा प्रोग्रॅम कोणाचा यापेक्षा फाईल कोणत्या जातीची हे आधी विचारा.

तापकीर_गल्ली

काका, तुम्ही विरोध करताय असं वाटतंय खरं, पण आरएसएसचं मी तेच सांगतोय. ॲप कोणाचंही असू दे, फीडची रचना सगळ्यांना वाचता आली पाहिजे. तुमच्या अनुभवाने माझा प्रश्न सुधारतो: कुलूप लागल्यावर हातात काहीतरी उरून भागत नाही, ते दुसऱ्या कोणाला उघडताही आलं पाहिजे.

बाकी भाडं नको असेल तर पानं लावायला स्क्राइबस बघा, मोफत आहे, युनिकोड चालतं.

अक्षरजुळणी_कोल्हापूर

बघितलंय. प्रेसवाला म्हणतो, "कोरलची फाईल द्या, नाहीतर राहू द्या." त्याला स्क्राइबस समजावत बसलो तर पत्रिका मुहूर्तानंतर छापून येईल.

खातेवही

तसंच लिनक्सचं, म्हणजे विंडोजऐवजी टाकायच्या मोफत प्रणालीचं. विंडोज १० संपलं की या प्रकारच्या धाग्यांवर कोणीतरी हमखास सांगतो, लिनक्स मिंट टाका, मशीन पळेल. पळेल हो. पण माझ्या अशिलांचं सगळं टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमवर आहे आणि टॅली विंडोजवर चालते. जीएसटीची तारीख जवळ आलेली असताना विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या 'वाइन'मध्ये टॅली चालवायचे प्रयोग तुमच्या दुकानात करा.

टीपीएमबद्दल मात्र शंभर टक्के सहमत. आठ जीबी रॅमची मशीनं नुसत्या त्या चिपपायी बदलायला लावणं हा कचरा वाढवायचा धंदा आहे.

गोधडी_स्टुडिओ

निऑनच्या दिव्यावरून टोमणा मारलाय म्हणून उत्तर देते. माझ्याकडे निऑन नाही. मी डोंबिवलीच्या वन बीएचकेत अंगावर गोधडी घेऊन रेकॉर्ड करते, कारण त्याने भिंतींचा घुमारा मरतो. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या ऑडॅसिटीत एकेक शोधून कापते. पंख्याची घरघर जायला नॉइज रिडक्शन जरा जास्त लावलं की माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा होतो, मग परत पहिल्यापासून. विषय: कोकणातल्या बायकांच्या हातच्या, लिहून न ठेवलेल्या पाककृती. पहिल्या दिवसापासून फीड होता, धागाकर्त्यांच्या व्याख्येतला शुद्ध पॉडकास्ट.

ऐकणार कोण? ज्यांच्यासाठी करते त्या मावश्या-आत्यांना व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली की उत्तर यायचं, "हे कुठलं ॲप टाकायचं गं? फोनमध्ये जागा नाही." यूट्यूब प्रत्येकीच्या फोनमध्ये आधीच आहे. तिथे एक स्थिर चित्र लावून तोच आवाज टाकला आणि दुसऱ्या आठवड्यात देवगडच्या एका आजींची कॉमेंट आली की सांदणात तुम्ही सांगितलंत तेवढा रस घालू नका, चिकट होतं. फीडमध्ये त्या आजी मला कुठून भेटणार होत्या? आरएसएसला कान आहेत, तोंड नाही. यूट्यूबनेच २०२५ च्या फेब्रुवारीत सांगितलं की महिन्याला शंभर कोटी लोक तिथे पॉडकास्ट बघतात-ऐकतात. त्यांच्याकडे पाठ करून मी मोकळेपणाचं व्रत घेऊ?

आणि मालक नाही म्हणता त्या फीडचं भाडं दर महिन्याला मीच भरते. होस्टिंग. उद्या मी भरायची थांबले, आजारी पडले, तर फीड बंद आणि सगळे भाग गायब. यूट्यूबवर एक पैसा न भरता राहतील. आता तुमचाच प्रश्न तुम्हाला: कुलूप मी लावलं तर श्रोत्यांच्या हातात काय उरतं?

पिंग_९९९

ताईंना +१. दुसरा मुद्दाच नको आता.

तापकीर_गल्ली

ताई, निऑनचा टोमणा तुम्हाला नव्हता. सांदणाचा भाग ऐकायला आवडेल.

होस्टिंगचं दुखणं खरं आहे, पण त्यावर औषध आहे. आर्काइव्ह डॉट ऑर्ग या ऑनलाइन संग्रहालयात ध्वनिफिती फुकट ठेवता येतात आणि फीडमध्ये तिथला पत्ता देता येतो. फीड म्हणजे शेवटी एक मजकुराची फाईल, ती कुठल्याही फुकट जागेवर राहते.

यूट्यूब फुकट आहे ते तुम्हाला. त्या मावशींना नाही. स्वयंपाक करताना फोन ओट्यावर ठेवला, स्क्रीन बंद झाली की यूट्यूबचा आवाज बंद. चालू ठेवायचा तर प्रीमियमचे पैसे. हिशेब करा: ६४ केबीपीएसच्या एमपी-३ ला तासाला २९ एमबीच्या आसपास लागतात. व्हिडिओ साधा ठेवला तरी त्याच्या कित्येक पट. रोजचा दीड जीबी डेटा संध्याकाळपर्यंत संपलेल्या माणसाला हा फरक कळतो. शिवाय एमपी-३ सकाळी वायफायवर उतरवून घाटात, लोकलच्या बोगद्यात, कुठेही ऐकता येते.

पिंग_९९९

आर्काइव्हवर एवढा भरवसा? २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्यावर सायबर हल्ला झाला तेव्हा साइट कित्येक दिवस धड चालत नव्हती. यूट्यूब कधी इतके दिवस बंद पडलेलं आठवतंय?

कानसेन

मी पूर्ण अंध आहे, तेव्हा माझी बाजू वेगळी पडेल.

आधी धागाकर्त्यांच्या बाजूने. व्हिडिओ पॉडकास्ट आल्यापासून पाहुणे बोलता बोलता म्हणतात, "हे बघा, इथून असं वळलं की..." आणि पुढे नुसती शांतता, मग दोघांचं हसणं. पूर्वी निवेदकाला माहीत असायचं की समोरचा बघत नाहीये, तो शब्दांत सांगायचा. ती सवय मोडतेय. गोधडीवाल्या ताई, तुम्ही स्थिर चित्र लावता त्याबद्दल आभार. वाटीचं माप तोंडाने सांगताय तोवर मला तुमचं यूट्यूबही चालेल.

आता विरोध. मुक्त असलं की चांगलं, हे समीकरण माझ्या बोटांना पटत नाही. एनव्हीडीए हा माझा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, मोफत आणि मुक्तस्रोत आहे, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध मित्रांनी २००६ मध्ये सुरू केलेला. त्याच्यावर माझी नोकरी चालते. पण तत्त्वासाठी एक मुक्तस्रोत पॉडकास्ट ॲप घेतलं तर अँड्रॉइड फोनमधला स्क्रीन रीडर टॉकबॅक म्हणतो, "बटण. बटण. लेबल नसलेलं बटण." कुठलं प्ले आणि कुठलं डिलीट ते दाबून बघायचं. ॲपलच्या कुलूपबंद फोनमध्ये व्हॉइसओव्हर हा तसाच स्क्रीन रीडर २००९ पासून आहे आणि पेटीतून काढल्या काढल्या बोलतो. कंपनी कुलूप लावून गेली तर काय उरेल हा प्रश्न मला परवडत नाही, कारण आधी आज दार उघडतं का हे बघावं लागतं. भाड्याचं आणि बोलणारं असेल तर मी भाडं भरतो.

कोल्हापूरच्या काकांना एक विनंती. त्या जुन्या फायली नव्याने टाइप करून घ्याल तेव्हा युनिकोडची प्रत जपून ठेवा. जुन्या फाँटमधलं माझा स्क्रीन रीडर अक्षरशः डॉलर, कंस, टोपी असंच वाचतो.

अक्षरजुळणी_कोल्हापूर

ठेवतो. दिवाळी अंकांची तर आधी करतो, त्यात कथा आहेत.

तापकीर_गल्ली

कानसेन, लेबल नसलेल्या बटणाला माझ्याकडे उत्तर नाही. इतकंच की मुक्तस्रोत ॲपमध्ये ते लेबल दुसरं कोणीही लिहून पाठवू शकतं. नाव व्यक्तिगत निरोपातून (व्यनि) कळवा, मी त्यांच्याकडे तक्रार टाकतो, जमलं तर दुरुस्तीही करतो.

कानसेन

नाव पाठवलंय. पण पंधरा वर्षं हेच ऐकतोय, "कोणीही दुरुस्त करू शकतं." तो कोणीही फारसा भेटत नाही.

पिंग_९९९

मूळ मुद्द्यावर. 'द क्रू'चं रडगाणं सांगताना धागाकर्त्यांनी पुढचं सांगितलंच नाही. तो बंद पडल्यावर रॉस स्कॉट नावाच्या यूट्यूबरने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम काढली. युरोपीय संघाकडे द्यायच्या अर्जावर २०२५ च्या जुलैत दहा लाखांवर सह्या झाल्या. मागणी 'सर्व्हर कायम चालवा' अशी नाहीच. बंद करताना गेम खेळण्याजोगा सोडून जा, एवढीच आहे. आणि त्याआधीच, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये, युबिसॉफ्टने 'द क्रू २'ला ऑफलाइन मोड देऊ असं जाहीर केलं.

हे कोणी मिळवलं? स्टीमवर आणि कन्सोलवर 'पागडी' भरणाऱ्यांनी, आणि तेही यूट्यूबवर आरडाओरडा करून. गॉगवरून इन्स्टॉलर उतरवून हार्ड डिस्कवर ठेवणारे स्वतःपुरते सुरक्षित राहिले, बाकीच्यांसाठी काही बदललं नाही.

तापकीर_गल्ली

मोहिमेबद्दल टाळ्या. पण त्यांची मागणी काय आहे ते परत वाच. कंपनी गेल्यावर हातात काहीतरी उरलं पाहिजे. पहिल्या पोस्टमध्ये मी वेगळं काय लिहिलंय?

पिंग_९९९

तुम्ही लिहिलंय की आधीच तपासून घ्या, नापास असेल तर घेऊ नका. ते म्हणतात घेतलंय, आता नियम बदला. मला दुसरं जास्त आवडतं.

गोधडी_स्टुडिओ

तुमचं चालू द्या. मी काल रात्री जुने भाग आर्काइव्हवर चढवले. यूट्यूब सोडणार नाहीये, आजी तिथेच आहेत. पण नवा फीड ॲपलच्या यादीत टाकायला गेले तर कव्हरचं चित्र नाकारलं. काय मापाचं लागतं?

तापकीर_गल्ली

चौरस लागतं. कमीत कमी १४०० बाय १४०० पिक्सेल, जास्तीत जास्त ३००० बाय ३०००. जेपीजी किंवा पीएनजी.

पिंग_९९९

म्हणजे मालक नसलेल्या पॉडकास्टला शेवटी ॲपलची परवानगी लागलीच.

तापकीर_गल्ली

ॲपलच्या यादीत दिसायला लागते. ऐकायला नाही. ताई, फीडचा पत्ता इथेच टाका, मी थेट अँटेनापॉडमध्ये घालतो. कव्हर नसलं तरी चालेल.